सोडलेली पाकळी

आरमोरीच्या पोस्टातून निवृत्त होऊन मला दोन वर्षं झाली होती,
तरी पार्सल आलं तेव्हा
आधी शिक्काच पाहिला, कापड नंतर.
समरकंद. गोल, जांभळा, अर्धाच उमटलेला.
तिकडच्या कारकुनानं शाई कमी घेतली असावी.

पुतणी उन्नती तिथं डॉक्टरकी शिकते.
उरगुतच्या बाजारात एका बाईनं
चहाच्या किटलीखाली अंथरलं होतं म्हणे.
"काका, डाग आहे, म्हणून परवडलं."

उलगडलं तर बाजेवर मावेना.
डाळिंबं, पण दाण्यांऐवजी आत चक्रं फिरणारी,
मंजिष्ठाचा लाल, शंभर वर्षांत विटून
पिकल्या टेंभरासारखा झालेला.
चार पट्ट्या, चौघींनी आपापल्या घरी भरलेल्या,
लग्नाच्या आधी जोडलेल्या.
जोडावर फूल एक बोट सरकलेलं.

मी चाळीस वर्षं पाकिटांवरची अक्षरं वाचली.
कोण घाईत, कोण रडून, कोणी दुसऱ्याकडून लिहून घेतलं,
ते पत्त्यावरून कळायचं.
इथंही कळलं:
पहिलीचा टाका ताठ, जणू सासू समोर बसलेली,
तिसरी मध्येच हसली असणार,
चौथीला दिसत कमी होतं.

मग लागलं वेड.
फंडातून एक, एरिअर्समधून दोन,
बुखाऱ्याची एक, नुरात्याची हलक्या फांद्यांची,
अशा करत नऊ.
धानाच्या पत्र्याच्या कोठीत, वेखंड घालून.
बायको म्हणाली, लोकं फंडातून प्लॉट घेतात,
तुम्ही परक्यांच्या चादरी घ्या.
तरी घडी घालताना
ती कडा नेहमी आतच वळवते.

पहिलीला कसर लागली, तेव्हा बोलावलं
फुलवंताबाई भानारकर यांना.
येनावरचा कोसा त्यांनी जन्मभर
उजव्या मांडीवर वळला;
तिथली कातडी अजून वाटीसारखी गुळगुळीत.
"काय म्हन्ता याले?"
सुझानी.
"सुजनी म्हना ना मंग. आमच्या मायजवर होती."
आणि भोकाकडे न बघता
थेट कोपऱ्यात बोट ठेवलं:
एक पाकळी, नुसती शाईनं आखलेली,
आत एकही टाका नाही.

मी चहा सांगायला आत गेलो.
तेवढंच. पाच मिनिटं.
परतलो तर पाकळी भरली होती.
कोशाची, बिनरंगाची, मधासारखी पिवळी,
लाल डाळिंबांच्या कडेला
परगावचा पाहुणा बसावा तशी.

मी ओरडलो नाही. बशी मात्र हातात वाजली.
सांगितलं,
ती जागा मुद्दाम सोडतात बाई,
काम संपलं की आयुष्य संपतं, म्हणून.
त्या बराच वेळ गप्प.
मग म्हणाल्या, "आधी सांगाचं होतं, बापा."

दिल्लीचा व्यापारी फेब्रुवारीत आला,
भिंग लावून बघितलं, भिंग खिशात घातलं.
साडेतीन लाखांची होती, म्हणाला.
होती.
बाकीच्या आठ मागितल्या, मी दिल्या नाहीत,
का ते अजून नीट सांगता येत नाही.
त्याला वडसा स्टेशनवर सोडून आलो.

परवा कोठी उघडली, वेखंड बदलायला.
पाकळीवर ऊन पडलं तेव्हा दिसलं,
टोकाशी गव्हाएवढी जागा मोकळी आहे.
शाईची रेघ तशीच उघडी.

विचारायला गेलो.
फुलवंताबाई ओट्यावर सूत वळत होत्या.
"सूत संपलं होतं," म्हणाल्या.

त्या दिवशी त्यांच्या चातीवर
अजून कितीतरी सूत होतं.
मी पाहिलं होतं.
मी काही बोललो नाही,
त्याही मांडीवरून नजर न काढता
वळत राहिल्या.